खाडा

“नूतन, चार हजार एकशे अठराचं रक्त कुठंय?”

खिडकीवरच्या कांचनताई आतल्या फोनवर होत्या. आमच्या रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येकाची नोंद त्या करायच्या. मी मागच्या बाजूला, लॅबमध्ये, कॉम्प्युटरसमोर बसले होते.

“आलंच नाही, ताई.” स्क्रीनवर त्या नंबरापुढं ‘सॅम्पल नाही’ असं लाल अक्षरात दिसत होतं. “त्यांना रक्त द्यायला पाठवा.”

“अगं, दिलंय म्हणतायत. दीड तास झाला, दंडावर कापूस धरून उभ्या आहेत माझ्यापुढं.”

“दीड तास कापूस?”

“सोडा म्हणून कुणी सांगितलं नसेल. शालन बनसोडे. पित्ताशयाचं ऑपरेशन आहे पुढच्या आठवड्यात. बघ ना जरा, माझं डोकं खाल्लंय त्यांनी.”

मी हसून फोन ठेवला आणि रॅकजवळ गेले. मोजण्याची मला सवय आहे. त्या दिवशी ४१०१ पासून ४११९ पर्यंत नोंदी झाल्या होत्या, म्हणजे एकोणीस. रॅकमधल्या ट्यूबा मोजल्या. एकोणीस. हे बरोबर नव्हतं. ४११८ ची ट्यूब आली नसेल तर अठराच असायला हव्या होत्या. मी प्रत्येक ट्यूबवरचं स्टिकर वाचत गेले. ४११७ दोनदा होतं.

“सर, ४११७ च्या दोन ट्यूबा का?”

मुलाणी सर सूक्ष्मदर्शकावरून डोकं न उचलता म्हणाले, “जादाची आहे. तातडीची केस असली की सिस्टर एक जास्तीची पाठवतात. पहिली रॅकमध्ये होतीच, तिच्यावर काम केलं मी. का गं न्यूटन, सफरचंद पडलं का डोक्यावर?”

माझं नाव नूतन पाटोळे आणि पदवी भौतिकशास्त्राची, त्यामुळं त्यांनी पहिल्याच दिवशी मला न्यूटन करून टाकलं होतं. एकोणतीस वर्षं ते त्या लॅबमध्ये होते. तालुक्याच्या गावातलं, एका ट्रस्टचं, चाळीस खाटांचं रुग्णालय. मी बावीस वर्षांची होते आणि तिथल्या नोंदींसाठी ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्रॅम मी एकटीनं लिहिला होता. त्याचा मला फार अभिमान होता.

मी परत जागेवर आले आणि ४११७ ची नोंद उघडली. छबू लेंगरे, वय चोवीस. पहाटे वाडीवर बाळंतपण, नंतर रक्तस्राव. हिमोग्लोबिन पाच. रक्तगट बी पॉझिटिव्ह. क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी मिळवून बघायची चाचणी, जुळला. रक्ताची पिशवी वॉर्डात पाठवली, ११:५२.

काहीतरी खटकलं. कशामुळं ते अजून कळलं नव्हतं.

इथं नंबरांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

मी प्रोग्रॅम पहिल्यांदा लिहिला तेव्हा रुग्णाला नंबर द्यायचं काम डेटाबेसवर सोपवलं होतं. डेटाबेस पुढचा नंबर देतो आणि एकदा दिलेला नंबर पुन्हा कधीच देत नाही. नोंद अर्धवट राहिली किंवा काढून टाकली तरी तो नंबर गेला तो गेला. त्यामुळं अधूनमधून एखादा आकडा गळायचा. ३९०२ नंतर एकदम ३९०४.

ट्रस्टचे सचिव गुरव सर निवृत्त मुख्याध्यापक होते. महिन्याच्या अखेरीला त्यांनी छापील यादी घेऊन पेन्सिलीनं प्रत्येक गळलेल्या आकड्याभोवती गोल केला आणि मला बोलावलं.

“हे काय आहे?”

“तो नंबर वापरला गेला नाही सर. काही बिघडत नाही त्यानं.”

“हजेरीपटात खाडा असला म्हणजे पोरगं गैरहजर असतं. इथं कोण गैरहजर आहे? ३९०३ कोण होता आणि कुठं गेला? उद्या तपासणीला कुणी आलं तर मी काय सांगू, डेटाबेसनं गिळला?”

“सर, पण…”

“खाडा नको, नूतन. एकामागं एक नंबर. चौथीच्या पोराला जमतं ते तुझ्या मशीनला का जमू नये?”

मला राग आला होता आणि ते करून दाखवायचंही होतं. मी एक ओळ बदलली. डेटाबेसला नंबर मागायच्या ऐवजी आता प्रोग्रॅम यादीतला सगळ्यात मोठा नंबर बघायचा आणि त्यात एक मिळवायचा. दोन महिने एकही खाडा पडला नाही. गुरव सरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

त्याच सुमाराला मी ट्यूबवरच्या स्टिकरवरून नाव काढून टाकलं होतं. आमच्याकडं एकाच वाडीतल्या तीन-तीन सुमन यायच्या, हातानं लिहिलेलं नाव ओलं होऊन पुसायचं. मुलाणी सर नाराज होते. “नाव असू दे गं कोपऱ्यात,” ते म्हणाले होते. मी त्यांना सांगितलं होतं, “सर, नावं सारखी असू शकतात. नंबर कधीच सारखा असू शकत नाही.” हे वाक्य मी मोठ्या आत्मविश्वासानं म्हटलं होतं.

मी कांचनताईंना फोन लावला.

“ताई, आज सकाळी तुम्ही काही खोडलंत का?”

“नाही गं.”

“नोंद काढून टाकली असेल एखादी?”

“हां, डिलीट केली एक. या शालनबाईंचीच. मी सासरचं नाव घातलं, बनसोडे, आणि त्यांच्या योजनेच्या कार्डावर माहेरचं होतं. मी चहाला उठले होते, परत येऊन खिडकी उघडते तर या रक्त देऊन आलेल्या, तेव्हा सांगतायत. सेव्ह केलेलं नाव तुझा प्रोग्रॅम बदलू देत नाही. मग काढून टाकली आणि नव्यानं घातली.”

“लगेच घातली?”

“लगेच कुठली. तेवढ्यात ती बाळंतीण आली की, जीपमधून. रांगेतले सगळेच म्हणाले, आधी तिला घ्या. तिची नोंद केली, मग शालनबाईंची. का गं? तूच दिलंयस ना ते डिलीटचं बटण?”

“हो,” मी म्हणाले. “मीच दिलंय.”

मी रिसीव्हर ठेवला. आता सगळं ओळीनं दिसत होतं. शालनबाईंची नोंद झाली, नंबर ४११७. ते स्टिकर त्यांच्या ट्यूबवर लागलं आणि ट्यूब लॅबमध्ये आली. मग ती नोंद काढून टाकली. आता यादीतला सगळ्यात मोठा नंबर होता ४११६. छबू लेंगरे आली. प्रोग्रॅमनं ४११६ मध्ये एक मिळवला. तिलाही ४११७. मग शालनबाई नव्यानं, ४११८, आणि त्या स्टिकरसाठी ट्यूबच उरली नव्हती. स्क्रीनवर ‘४११७, तातडीचे, रक्त हवे’ असं आलं तेव्हा मुलाणी सरांनी रॅककडं बघितलं. ४११७ तिथं होतीच. वॉर्डातून छबूचं खरं सॅम्पल आलं ते त्यांना जादाचं वाटलं.

बी पॉझिटिव्ह रक्त शालनबाईंचं होतं. क्रॉसमॅचही त्यांच्याच रक्ताशी जुळला होता. छबूचा गट कुठला ते कुणीच बघितलेलं नव्हतं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात १२:०६ वाजले होते.

भीती म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. परीक्षेच्या आधीची, अंधाराची, ती वेगळी. या भीतीनं कान बंद होतात. सेंट्रिफ्यूज फिरत होतं, त्याची घरघर मला दिसत होती, ऐकू येत नव्हती. जिभेला तांब्याची चव आली. मुलाणी सर माझ्यापासून सात-आठ फुटांवर होते. मी तोंड उघडलं असतं तर त्यांना ऐकू गेलं असतं.

चूक झाली नसेल, असंही वाटत होतं. दोघींचाही गट बी असू शकतो. आपल्याकडं तीन माणसांत एकाचा असतो. मी पुन्हा नोंदी बघितल्या, वेळा बघितल्या, कीबोर्डवर काही टाइप केलं. मग उठले.

१२:१० झाले होते.

“सर, त्या ४११७ च्या दोन ट्यूबा एकाच बाईच्या नाहीत.”

मुलाणी सरांनी डोकं उचललं. मी दोन वाक्यांत सांगितलं. दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत ते उठून फोनपाशी गेले होते.

“पळ,” ते म्हणाले. “मी फोन लावतो, तू पळ. पिशवी चालू असली तर बंद कर म्हणावं. कुणाला विचारत बसू नकोस.”

स्त्रियांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. जिन्यात एक आजोबा सलाइनचा स्टँड धरून उतरत होते, त्यांना मी धक्का दिला. त्यांनी शिवी दिली. वरच्या मजल्यावर फोन वाजत होता. टेबलावर कुणी नव्हतं. तो वाजतच होता.

छबू लेंगरे खिडकीजवळच्या खाटेवर होती. मी तिला पहिल्यांदा बघत होते. कपाळावर गोंदण, ओठ कागदासारखे. तिच्या उशाला पिशवी लटकत होती आणि नळी लाल होती. सिस्टर शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. रक्त चालू केलं की पहिली पंधरा मिनिटं रुग्णापासून हलायचं नाही असा नियम असतो, म्हणून त्या फोनला उठल्या नव्हत्या.

“सिस्टर, बंद करा. चुकीचं आहे.”

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांचा अंगठा नळीच्या चाकावर होता आणि त्या ते आधीच फिरवत होत्या, कारण छबू म्हणत होती, “सिस्टर, कंबर धरलीया वो. लई थंडी वाजतीया. छातीवर काय ठिवलंय?”

तिचे दात वाजत होते. बाहेर एप्रिलचं ऊन होतं.

पुढची दहा मिनिटं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतात. पिशवी काढली. सलाइन लावलं. डॉक्टर मॅडम धावत आल्या. मुलाणी सर धापा टाकत वर आले, त्यांच्या हातात रक्तगट तपासायची टाइल होती, आणि ते दारातूनच म्हणाले, “ओ. ओ पॉझिटिव्ह आहे ही.” मॅडमनी एकदा डोळे मिटले. ओ गटाच्या माणसाला बी चालत नाही. शरीर आत आलेल्या पेशी फोडायला लागतं आणि त्याचा कचरा मूत्रपिंडात अडकतो.

“किती गेलं?”

“वीस-पंचवीस मिली,” सिस्टर म्हणाल्या. “१२:०८ ला सुरू केलं.”

“तुझ्या कधी लक्षात आलं?” मॅडमनी मला विचारलं.

“आत्ताच,” मी म्हणाले.

खाटेपलीकडं भिंतीला टेकून छबूची सासू उभी होती. पदरात गुंडाळलेलं बाळ. एकेकाचं तोंड बघत होती.

जिल्ह्याच्या गावाहून दुपारी ओ गटाचं रक्त आलं. तोवर ती तगली. पण खरी वाट बघायची होती ती लघवीची. नळीला लावलेल्या पिशवीत पहिल्यांदा जे आलं ते कोऱ्या चहासारखं होतं, आणि अगदी थोडं. “रंग उतरला आणि प्रमाण वाढलं तर सुटलो,” मॅडम म्हणाल्या. “नाहीतर पुण्याला हलवावं लागेल. तिथवर पोचली तर.”

मी घरी गेले नाही असं म्हणता येणार नाही. आई घेऊन गेली. पण दर तीन तासांनी मी वॉर्डात फोन करायचे आणि सिस्टर सांगतील तो रंग वहीत लिहायचे. कोरा चहा. कोरा चहा. काकवी. थोडा फिका चहा. आईनं ती वही उघडून बघितली आणि म्हणाली, “हे काय गं, हॉटेल काढतेस का?” मग माझा चेहरा बघून तिनं वही मिटून ठेवली.

याला आता अकरा वर्षं झाली. मी अजूनही हेच काम करते, मोठ्या शहरात, मोठ्या कंपनीत. ती वही माझ्याकडं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरव सरांच्या खोलीत बैठक झाली. कांचनताई रडत होत्या. मुलाणी सर म्हणाले, “मी एकोणतीस वर्षांत दुसरी ट्यूब न तपासता ठेवली नव्हती. त्या दिवशी ठेवली. मशीनचा नंबर आहे म्हणून ठेवली. माझं लिहा त्यात.” गुरव सरांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली.

“खाडा नको, हे मी म्हणालो होतो,” ते म्हणाले. “ही पोरगी नको म्हणत होती. तेही लिहायला पाहिजे.”

त्यांचं अक्षर शिक्षकाचं होतं, वळणदार. अहवाल लिहून झाल्यावर त्यांनी तो मोठ्यानं वाचला. शेवटचं वाक्य असं होतं : ‘सदर बाब कु. पाटोळे यांच्या लक्षात येताच त्यांनी ती तत्काळ कळविली व रुग्णाचे प्राण वाचविण्यास मदत केली.’ चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“बरोबर ना, नूतन?”

“हो, सर.”

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर फोनवर म्हणाल्या, “अगदी लिंबू सरबत. आणि पिशवी दोनदा रिकामी केली.” मी ते लिहिलं आणि रुग्णालयात गेले. लॅबमध्ये न जाता थेट वर.

छबू उशीला टेकून बसली होती. ओठांना थोडा रंग आला होता. सासू खाली चहा आणायला गेली होती. मला बघून छबू हसली. मला वाटलं, ओळखत नसेल, उगाच हसली असेल.

“तुमीच का त्या, पळत आल्याला?”

“हो.”

“सिस्टर सांगत हुत्या. तुमी आला म्हनून वाचले म्हनं.” तिनं शेजारचं गाठोडं उचललं आणि मी काही म्हणायच्या आत माझ्या हातांत दिलं. “घ्या. लेक हाय. हिला तिची आई तुमच्यामुळं ऱ्हायली, बगू दे तुमास्नी.”

बाळ तीन दिवसांचं होतं. त्याला वजनच नव्हतं, नुसती ऊब होती. डोळे उघडून ते माझ्याकडं नाही, माझ्या मागच्या उजेडाकडं बघत होतं. मी खाटेच्या कडेला बसले.

“छबूताई, मी पळत आले त्याच्या आधी मला कळलं होतं.”

“काय कळलं हुतं?”

“रक्त चुकीचं आहे ते. चार मिनिटं आधी कळलं होतं.”

तिला नीट समजलं नाही. “मग जिना चढाया येळ लागला आसंल.”

“नाही. त्यानंतर जिना.” मी बाळाकडं बघत बोलत होते. “माणसांना नंबर देणारं यंत्र आहे ना खाली, ते मी केलंय. त्यात माझी चूक होती. एक ओळ होती. ती मी आधी बदलली. पहिल्यासारखी केली. कुणी बघायला आलं तर तिथं चूक दिसू नये म्हणून. मग उठले आणि सरांना सांगितलं.”

वॉर्डात कुणीतरी बाळाला खेळवत होतं. छबू माझ्याकडं बघत होती.

“रगत कवा लावलं मला?”

“बारा वाजून आठ मिनिटांनी.”

“आन तुमास्नी कळलं कवा?”

“बारा वाजून सहा मिनिटांनी.”

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. फार मोजायचं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती माझ्या हातांकडं बघायला लागली, आपलं मूल कसं धरलंय ते.

“द्या तिला हिकडं.”

मी दिलं. तिनं ते पोटाशी घेतलं, पदर ओढला. मी उठू की नको ते मला कळत नव्हतं.

“डॉक्टरास्नी ठावं हाय?”

“नाही.”

“तुमच्या त्या सरास्नी?”

“कुणालाच नाही.”

तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

“मग जावा.”